उथळ पाण्यातले धान

खैरबोडी, पो. लाखांदूर
५ ऑक्टोबर १९८०

चि. टेकचंद यास अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनंतर माझे अक्षर पाहून तू हे पाकीट न उघडता बाजूला ठेवण्याचा संभव आहे. म्हणून आरंभीच सांगते की हे पत्र आपल्या दोघांविषयी नाही. ते गावच्या तळ्याविषयी आहे. उपअभियंता म्हणून वाचलेस तरी पुरे. धाकटा भाऊ म्हणून वाचण्याची सक्ती नाही.

परवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खोलीकरणाचा आराखडा लावला. खाली तुझी सही आहे. उगवतीकडचा सारा उथळ भाग पुरुषभर खोल खणायचा असे त्यात दिसते, आणि त्या भागावर 'निरुपयोगी' असा शेरा आहे. शाळेत जाऊन घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. इतकी वर्षे लाखांदूरच्या मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवून मी थकले आहे, तरी हा एक धडा पुन्हा घेते. शांतपणे ऐक.

तळ्याच्या पाळीवर, बांधाच्या माथ्यावर, उगवतीकडे तोंड करून उभा राहा. अगदी जवळ, पाण्याच्या खोल भागात, कमळ आहे. त्याच्या पलीकडे कमरेइतक्या पाण्यात पांढरी पोयणी. ती संध्याकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटते, त्यामुळे उशिरा उठणाऱ्या माणसाला जन्मभर तिची कळीच दिसते. (लहानपणी तू तिला 'आळशी फूल' म्हणत असस. आळशी कोण होते, ते तुला ठाऊक आहे.) त्याच्याही पलीकडे गुडघाभर पाण्यात न पेरता उगवणारे देवधान. आणि पाणी संपून नुसती ओल उरते, तिथे या दिवसांत सारा चिखल जांभळा होतो. त्या फुलाला आपण सीतेची आसवे म्हणतो. तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे फूल, काडीसारखा देठ, पान म्हणावे असे जवळजवळ काही नाही. पण चिमूटभर चिखल पाण्यात धुऊन भिंगाखाली धर. मोहरीहून लहान फुगे दिसतील. प्रत्येक फुग्याला झाकण असते, झाकणाला केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला, की झाकण आत उघडते आणि फुगा त्याला गिळून पुन्हा मिटतो. तळ्याच्या चिखलात नत्र फारसे नसते. या नाजूक दिसणाऱ्या बाईने आपली सोय अशी लावून घेतली आहे. हे दाखवले की वर्गातली सर्वात मागच्या बाकावरची मुलगीसुद्धा पुढे येते.

थंडीत पाणी मागे सरकले, की उघड्या पडलेल्या गाळावर गोरखमुंडीची गुलाबी बोंडे येतात. म्हणजे त्या 'निरुपयोगी' जागेला वर्षाचे काही महिने सोडले तर विश्रांतीच नसते. या प्रत्येक झाडाला पाण्याची आपापली उंची लागते. तू काठ उभा तासलास, तर पाणी भरपूर साठेल आणि त्याला एकच उंची उरेल.

माझी विनंती एवढीच आहे, की उगवतीचा उतार तसाच ठेवून उरलेले तळे खणावे.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, इतकेच.

तुझी ताई,
शकुंतला


१२ नोव्हेंबर १९८०

चि. टेकचंद यास आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. 'सिंचनक्षमता वाढेल. गावाची मागणी आहे.' खाली नाव नाही, हुद्दा आहे. तरी उत्तर आले, याचे समाधान मानते.

गावाची मागणी आहे, हे मी नाकारत नाही. भय्याजी आपली शेती ठेक्याने करतो; धानाच्या आपल्या तिन्ही बांध्या तळ्याच्या खालच्या अंगाला आहेत, हे तू जाणतोस. धान निसवायच्या वेळी तळे आटते आणि शेवटचे पाणी कमी पडते. तो मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमी फुलायचं पाहून राहिल्या, मी पोटायचं पाहून राहिलो. सायबाले म्हणा, खंदा." उताराची जागा सोडूनही पाणी वाढवता येईल असे मला वाटते, पण ते गणित तुझे आहे.

दुसरी गोष्ट देवधानाची. तुझ्या कचेरीत ती कोणाला ठाऊक नसेल, म्हणून रीतसर लिहिते. आपण पेरतो ते धान पिकल्यावर ओंबीवर थांबते. माणूस येऊन कापील, याची वाट पाहते. देवधान कोणाची वाट पाहत नाही. दाणा पिकला की गळतो, आणि त्याचे लांब तांबूस कुसळ त्याला चिखलात खोचून ठेवते. म्हणून दाणा हिरवा असतानाच बायका पाण्यात उतरतात, चार-सहा ताटे एकत्र धरून शेंड्याशी चिंधीने बांधतात, आणि पिकल्यावर तो झुबका टोपल्यात झाडून घेतात. ज्या घरची चिंधी, त्या घरचा झुबका. तळे साऱ्या गावाचे असले, तरी बांधलेल्या झुबक्याला दुसरी बाई हात लावत नाही. ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचे अन्न चालत नाही; त्या दिवशी हाच देवभात लागतो. तो ज्या जमिनीत उगवतो, तिला कधी नांगर लागलेला नसतो.

यंदा आई पाण्यात उतरली नाही. पाणी गार होते. ती पाळीवर बसली आणि शेजारच्या सुंदरबाईने तिचे झुबके बांधले.

"ढिली बांधजो वो," आई ओरडत होती. "गळा आवळू नोको त्याचा."

"माह्या नवऱ्याचा नाई आवळला अजून, काकी, त धानाचा कायले आवळतो?"

पाळीवरच्या साऱ्या बायका हसल्या. आईही हसली, पण उठताना तिला दोघींचा आधार लागला. गार पाण्याचे मी वर लिहिले, ते खरे कारण नव्हे.

आता तुझ्या रागाविषयी एकदाच लिहिते. बाबांच्या मागे तू आईला भंडाऱ्याला नेलेस. कोजागिरीआधी ती एकटी एस.टी.ने परत आली. तू मागोमाग आलास आणि लाखांदूरच्या बसस्थानकावर चारचौघांत म्हणालास, "तूच बोलावलं तिले. ठेव आता तुह्यापाशी." मी तिला बोलावले नव्हते. तिच्या पिशवीत दोन लुगडी आणि फाडलेल्या चिंध्यांचा गठ्ठा होता. झुबके बांधायचे दिवस आले, म्हणून ती आली होती. त्या दिवसापासून मी जाणून आहे, की तिला या गावात धरून ठेवणारी मी नाही. तो उतार आहे. तो गेला, तर ती इथे कशासाठी राहील, हे मला सांगता येत नाही.

तुझी ताई


७ सप्टेंबर १९८१

चि. टेकचंद यास आशीर्वाद.

काम मंजूर झाले आणि उन्हाळ्यात यंत्रे येणार, असे कळले. तुझ्याकडून नव्हे, सरपंचाकडून.

परवा ऋषिपंचमी झाली. देवभात दर वर्षीपेक्षा थोडा शिजला. मडक्यातले धान बरेच कमी निघाले. आई म्हणते, उंदरांनी खाल्ले. मडक्याचे झाकण जागेवर होते आणि त्यावर दगडही होता, पण मी वाद घातला नाही. तिने स्वतःच्या ताटातला अर्धा सुंदरबाईला दिला आणि म्हणाली, "पुढच्या साली कोठून खाजो बाई?" सुंदरबाई म्हणाली, "पुढचं साल पाहू न काकी पुढच्या साली."

यंदा पाऊस मन लावून पडलेला नाही. भय्याजी सकाळ-संध्याकाळ पाळीवर उभा राहून पाणी पाहतो. मीही तिथेच असते. आम्ही दोघे एकच तळे पाहतो आणि एकमेकांशी बोलत नाही.

शनिवारी दहावीच्या मुलींना घेऊन उतारावर गेले. जांभळी आसवे नुकती सुरू झाली आहेत. पाळीच्या कुंपणावर कळलावी फुलली आहे: पाकळ्या उलट्या वळलेल्या, कळी हिरवट, मग पिवळी, मग शेंदरी, मग लाल. एकाच वेलीवर चारही रंग असतात, त्यामुळे फुलाचे वय रंगावरून ओळखता येते. हे मी दर वर्षी सांगते. यंदा सांगताना मध्येच बसावेसे वाटले. एका मुलीने विचारले, "बाई, पुढच्या वर्षी आम्हाला आणाल काय इथे?" ती दहावीत आहे, पुढच्या वर्षी शाळेतच नसेल. मी तिला एवढेच सांगितले.

तू कार्डावर तरी लिही. हुद्द्यानिशी चालेल.

ताई


१९ ऑक्टोबर १९८१

चि. टेकचंद,

उंदीर सापडले.

गेल्या सोमवारी मी बसमधून उतरते तो भय्याजी थांब्यावर उभा. मला तळ्याखालच्या मोठ्या बांधीवर घेऊन गेला. धान निसवले होते, आणि त्यात जागोजागी लांब तांबूस कुसळांच्या ओंब्या वर आल्या होत्या.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "माह्या बांधीत देव कोण पेरला?"

तुला शेतीचे विस्मरण झाले असेल, म्हणून सांगते. देवधानाचे रोप आणि आपल्या धानाचे रोप यांत फुलोऱ्यापर्यंत फरक ओळखता येत नाही. निंदणीच्या वेळी भय्याजीने त्याच रोपांना खत घातले, पाणी दिले, त्यांची काळजी घेतली. आता कुसळ आल्यावर ती वैरी निघाली. ती गळली, तर तिचे दाणे त्या मातीत कितीतरी वर्षे उगवत राहतात.

घरी येऊन विचारले, तर आई चुलीपुढून उठलीही नाही.

"म्या टाकलं. तळं खंदणार म्हणते तुहा भाऊ. मंग देवाच्या धानानं जाव कोठी? रोपायसाठी पऱ्हे टाकले तवा म्या बी टाकलं पदरातलं. आपलीच बांधी हाये ना."

सुंदरबाई दारातच उभी होती. तिने आपल्या समजुतीप्रमाणे सरळ सांगितले, "पण काकी, थे नांगराच्या जमिनीतलं. बैल राबले त्यात. पंचमीले चालते काय थे?"

आईने चुलीतले लाकूड मागे ओढले. हे तिच्या ध्यानात आले नव्हते. सारा जन्म जी गोष्ट तिने दुसऱ्यांना शिकवली, तीच ती विसरली होती. धान वाचवण्याच्या घाईत तिने ते अशा जागी लावले, जिथे ते देवधान उरले नाही. तिला एवढे गप्प झालेले मी बाबांच्या वेळीही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती बांधावर जाऊन बसली. भय्याजी आणि त्याची बायको कुसळाच्या ओंब्या पाहून ताटे उपटत होती. आई बसल्या जागेवरून बोट दाखवी: "थे पाहा, तिकडं एक हाये." भय्याजीने तिला एक शब्द लावला नाही. उलट म्हणाला, "काकी, तुमची नजर तेज हाये, तुमाले मजुरी द्या लागन." पण उपटता उपटता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पाणी कमी पडल्यामुळे खालच्या बांधीत बरेच धान पोचट निघाले आहे. "तळं खोल रायलं असतं, त दाना भरला असता." आईने ते ऐकले. मीही ऐकले.

मला तुला एक विचारायचे आहे, आणि या पत्रात विचारले नाही तर पुढे विचारणार नाही. उतार खणला, की आईला इथे राहण्याचे कारण उरणार नाही, हे मी तुला गेल्या वर्षी लिहिले होते. ते वाचून तू आराखडा बदलला नाहीस. हे तू रागाने करतोस काय?

शकुंतला


२१ फेब्रुवारी १९८२

चि. टेकचंद यास आशीर्वाद.

तू आणि आई भंडाऱ्याला सुखरूप पोचलात, हे जीपच्या ड्रायव्हरकडून कळले. ज्या घरात घडले, त्याच घरातल्या माणसाला ते लिहून कळवणे विचित्र आहे, पण तू होतास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि तुम्ही ओसरीवर. मला जे ऐकू आले ते लिहिते. चुकत असेल तर दुरुस्त कर.

तू जेवायला बसण्याआधी मला विचारलेस, "ताई, तुले खरंच वाटलं, मी रागानं खंदून राहिलो म्हणून?" मी हो म्हटले. तू म्हणालास, "दोनदा आकडेमोड करून पायली. उतार सोडला, त खालच्या पंधरा बांध्या कोरड्या रायते. आपल्या तीन त्यातच हायेत." मी ते आकडे तपासू शकत नाही, आणि तू मला कधी खोटे सांगितलेले नाहीस. बसस्थानकावर बोललास ते चुकीचे होते, खोटे नव्हते. तेवढा फरक मी शिकवू शकते.

मग तू आईजवळ बसलास. मला वाटले होते ती रडेल, किंवा तुझ्यावर रागावेल. मी भाकरी थापणे थांबवले.

"खंद, बापू," ती म्हणाली. "भय्याजीच्या लेकरायले पाणी पायजे. म्या त्याची बांधी नासवली. देवाचं धान का, माणसायच्या पोटावर पाय देऊन खायचं हाये काय?"

मग ती म्हणाली, "मंग मी येतो तुह्यासंगं. इथं आता काय पाहू?"

तू स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलेस. मी "जा" म्हटले. एवढा एकच शब्द मला जमला, आणि तो मी मोठ्याने म्हटला.

आता कामाच्या गोष्टी. एक: उतारावरचा गाळ कृपा करून कोणाच्या बांधीत टाकू देऊ नकोस. त्यात देवधानाचा दाणा आहे. गाळ म्हणजे फुकटचे खत, असे समजून लोक गाड्या भरतील. दोन: आई सकाळी उठल्याबरोबर चहा घेत नाही, आधी पाणी घेते, आणि ते फुलपात्राने, ग्लासाने नाही. तीन: तिचे गुडघे फक्त दुखत नाहीत. लाखांदूरच्या डॉक्टरांनी डाव्या पायाचे दुखणे वेगळे आहे, भंडाऱ्याला दाखवा, असे सांगितले आहे. चिठ्ठी तिच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत ठेवली आहे. हे मी तुला आधी लिहिले नाही. तिने लिहू दिले नाही, असे म्हणता येईल. पण मलाही लिहायचे नव्हते, कारण कळल्यावर तू तिला लगेच नेले असतेस. चार: ललिताला सांग, की सासू म्हणून आई तिला नावे ठेवील, ती मनावर घेऊ नयेत. मला आयुष्यभर ठेवली.

उतारावर सध्या गोरखमुंडी आहे. यंत्रे येण्याआधी ती वाळून जाईल. तेवढे बरे झाले.

तुझी ताई


२९ ऑगस्ट १९८२

चि. टेकचंद यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. चार पाने, शाईने, खाली नाव. ते मी शाळेतून घरी येताना बसमध्ये दोनदा वाचले.

आधी तुझ्या मनातली शंका दूर करते. ललिताने ऋषिपंचमीला भगर केली आणि आईने ती बाजूला सारली, यात ललिताची काहीही चूक नाही. भगरही नांगरलेल्या शेतातलीच. त्या दिवशी फळे, दूध आणि आपोआप उगवलेले कंद चालतात. अळकुड्या तुमच्या कंपाउंडात न लावता आल्या असतील, तर त्याही चालल्या असत्या. पण तू लिहितोस की तिने केळेही अर्धेच खाल्ले आणि दिवसभर खिडकीशी बसून राहिली. ते उपासाच्या नियमांमुळे झालेले नाही. त्यावर मी काही समजावून सांगू शकत नाही.

तळ्याचे तू विचारले आहेस. ते भरले आहे. पाऊस उशिरा आला, तरी भय्याजीची रोवणी वेळेवर झाली आणि आश्विनातही पाणी पुरेल असे दिसते. त्याने मला थांबवून ते सांगितले. म्हणाला, "मास्तरीणबाई, सायबाले माहा रामराम लिवजा." लिहिला. तुझे गणित बरोबर निघाले, हे लिहिताना मला वाईट वाटत नाही. तसे वाटेल असे मला वाटले होते.

उगवतीला आता उभा पिवळा काठ आहे. मी रविवारी पूर्ण काठ फिरून पाहिला. जुन्या खोल भागात कमळ आहे; ते टिकेल. पोयणी नाही. देवधान नाही. आसवे नाहीत, त्यांना बसायला ओला उतार लागतो आणि काठ सरळ पाण्यात उतरतो. मुलींना यंदा नेले नाही. त्याऐवजी फळ्यावर उतार काढून, कुठे काय उगवत असे, ते त्यांना लिहून घ्यायला सांगितले. भिंगाखाली धरायला काही नव्हते. एकीनेही प्रश्न विचारला नाही.

गाळाविषयी तू लेखी आदेश दिलास, हे मला ठाऊक आहे. लोकांनी तरीही गाड्या भरल्या. सुंदरबाईच्या घरच्यांनीही नेला. आता साऱ्या गावाच्या बांध्यांत हिरवेगार रोप उभे आहे, आणि त्यात कोणते कोणाचे, ते या महिन्यात मीही सांगू शकत नाही. आश्विनात कुसळे वर आली, की सारे उपटायला बसतील. इतके देवधान या गावात कधीच झाले नसेल, आणि त्यातला एक दाणाही पंचमीच्या कामाचा नाही. मी भय्याजीला हे आत्ताच सांगितले. तो म्हणाला, "होऊ द्या बाई, आमची काकी गेली न भंडाऱ्याले, आता बोट कोण दाखवन?"

घर मोठे वाटते. स्वयंपाक एकीचा करायची सवय मला लवकर झाली. दिवा लवकर मालवायची अजून होत नाही. हे तुला सांगायचे नव्हते, पण तू चार पाने लिहिलीस, म्हणून मीही थोडे जास्त लिहिते.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस, 'ताई, ती तुझं नाव घेत नाही, पण दर बसच्या वेळी फाटकात जाऊन उभी राहते. मला काय करावं कळत नाही. तू ये.' तुझ्या घरी मी आजवर आले नाही. बोलावले नव्हतेस, आणि बोलावले असतेस तरी आले नसते. आता शनिवारी शाळा सुटल्यावर जी बस मिळेल, तिने येते. बसस्थानकावर तू ये. मला तुझे घर ठाऊक नाही.

देवभात माझ्यापाशी नाही. गेल्या वर्षी पाणी मागे हटल्याने उतारावरचे देवधानही पोचट गेले, एक दाणा उरलेला नाही, आणि यापुढे मिळण्याची सोय नाही. हे आईला तू शनिवारच्या आधी सांगून ठेव. फाटकात मला पाहिल्यावर तिने आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहावे, असे मला नको आहे.

तुझी ताई,
शकुंतला